डिफच्या बुशचा पुलर सगळ्यांत फिरवायचा का?

तेलकट_हात :
मंडळी, दोन रविवार गाडीखाली काढले आणि शेवटी डिफरन्शिअलचे (डिफ, इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांत वाटणारी पेटी) तिन्ही बुश (तिला पकडून ठेवणारे, लोखंडी नळीत भरलेल्या रबराचे तुकडे) बदलून झाले. अॅक्सिलरेटर दिला-सोडला की मागून जो 'धाड' आवाज यायचा तो पूर्ण गेला. पहिला अख्खा रविवार मी हातोडा आणि एक मोठं जुनं सॉकेट घेऊन झगडत होतो, रबर फाटून बाहेर आलं पण बुशची बाहेरची लोखंडी नळी सबफ्रेमच्या (डिफ पेलणारी मागची लोखंडी चौकट) भोकात जशीच्या तशी. मग टर्नरकडून पुलर, म्हणजे नट कसत गेलं की चकतीने बुश ढकलून समोरच्या कपात ओढणारा रॉड, करून घेतला आणि दुसऱ्या रविवारी एकेक बुश वीस मिनिटांत निघाला.

आता हा पुलर डब्यात पडून राहणार, मला परत कित्येक वर्षं लागणार नाही. प्रत्येकाने असा एकेक करून घ्यायचा आणि एकदा वापरून माळ्यावर टाकायचा यात काही अर्थ नाही, म्हणून हा फिरता ठेवावा असं वाटतंय. डब्यात काय आहे ते सांगतो. एम१४ चा (१४ मिमी जाड) १.५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) रॉड, १०.९ ग्रेड (पोलादाची ताकद सांगणारा आकडा), ४०० मिमी लांब. दोन लांब नट. नटाखाली घालायचं ५११०२ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग. आतून ६२, ६८ आणि ७४ मिमीचे तीन कप, आणि त्यांच्या जोडीला ५९, ६५, ७१ मिमीच्या तीन चकत्या, म्हणजे साधारण ६०, ६६ आणि ७२ मिमीच्या बुशला चालेल. चार जाड वायसर. आणि एक वही.

वही का ते नंतर सांगतो. कोणाला हवा असेल त्याने आपल्या बुशचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून इथे टाका, गाडीचं नाव सांगून उपयोग नाही, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे बुश वेगळे असतात.

नवशिका_चालक :
दादा फार चांगलं काम करताय. माझ्या गाडीतही मागून आवाज येतो, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना आणि ट्रॅफिकमध्ये पाय उचलला की. पण तो बुशचाच आहे हे ओळखायचं कसं? नाहीतर मी डबा मागवून बसायचो आणि दोष भलतीकडेच निघायचा.

मागचा_एक्सल :
बरं झालं आधी विचारलंत, बरेच जण न बघताच बुश मागवतात. गाडी चारही स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा लांब दांडा) हाताने उजवीकडे-डावीकडे फिरवा. थोडा खेळ असणारच, दात्यांमध्ये मोकळीक लागतेच, पण डिफचं हाउसिंग हलता कामा नये. मग हाउसिंग आणि सबफ्रेमच्या मध्ये लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच उचला आणि बुशकडे टॉर्च मारा. मधली नळी रबरापासून सुटलेली दिसली, रबराला आरपार चीर दिसली किंवा हाउसिंग सहज वर-खाली गेलं तर बुशच. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नका, जुन्या रबरावर त्या येतातच.

बुश घट्ट निघाले तर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा), रबरी कपलिंग आणि एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे) बघा. सीव्हीचा आवाज बहुधा कटकट असा येतो, बुशचा एकच दणका येतो. मी एकदा तिन्ही बुश बदलून वर आलो आणि दोष क्रॉसमध्ये निघाला, तेव्हापासून आधी सगळं हलवून बघतो.

जुनी_गाडी_जुनं_प्रेम :
माझी बीएमडब्ल्यू ई३० आहे. तिला डिफच्या मागच्या कव्हरच्या कानात एकच बुश असतो. मोजमाप टाकतो, पण मला मुळात पुलर लागेल का?

लेथवाला :
ई३० ला कव्हरच सोडवून बाकावर घ्या, तेल काढावंच लागेल पण मग साध्या प्रेसवर किंवा मोठ्या व्हाइसमध्येसुद्धा काम होतं. फक्त एक, खालचा तेल काढायचा प्लग उघडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. तेल सगळं काढलं आणि वरचा प्लग हललाच नाही तर गाडी तिथेच उभी राहील.

पुलरची खरी गरज बुश सबफ्रेममध्ये असेल आणि सबफ्रेम गाडीवरच ठेवायची असेल तेव्हा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत बुश डिफच्याच दोन बाजूंच्या हातांमध्ये असतात, तिथे डिफ खाली घेऊनही काम होतं, पण डिफचं नाक गिअरबॉक्सला जोडणारी ती लांब फ्रेम आधी सोडावी लागते आणि परत बसवताना तिची उंची नीट जुळवावी लागते, नाहीतर शाफ्टचे कोन बिघडून नवीन थरथर सुरू.

नवशिका_चालक :
एवढ्याशा रबराच्या तुकड्याने एवढा मोठा आवाज कसा येतो हे मला अजून कळलेलं नाही.

रबर_आणि_लोखंड :
हिशोब करून बघा. इंजिन २०० न्यूटन मीटर देतं असं धरा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ असेल तर शाफ्टवर ७०० येतात. डिफचं ४ असेल तर चाकांकडे २८००. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच उलटा पीळ डिफच्या हाउसिंगला बसतो आणि त्याचं नाक वर उचलायला बघतं. पुढचे आणि मागचे बुश ४० सेंटीमीटर अंतरावर असतील तर त्या जागी ७००० न्यूटन, म्हणजे जवळपास ७०० किलोचा जोर. पाय उचलला की तोच जोर उलटा. रबर शाबूत असेल तर तो जोर गिळतं, रबर सुटलं की हाउसिंग थेट लोखंडावर आपटतं. शिवाय शाफ्टचे ते ७०० डिफला बाजूलाही पिळतात, म्हणून बरेचदा एकाच बाजूचा बुश आधी जातो.

पाना_१७ :
तेलकट दादा, कल्पना उत्तम आहे पण डिपॉझिट ठेवा. मी आधी एका मित्रमंडळीत स्प्रिंग कॉम्प्रेसर फिरायला दिला होता, तो चौथ्या माणसानंतर परत आलाच नाही, आणि वाईट म्हणजे कोणाकडे थांबला हेसुद्धा कळलं नाही.

तेलकट_हात :
खूप विचार केला यावर. डिपॉझिटने डबा परत येईल हे खरं. पण मला भीती डबा हरवण्याची नाही, तो मोडका परत येण्याची आहे, आणि ते डिपॉझिटने थांबत नाही. उलट पैसे कापले जातील या भीतीने माणूस लपवतो. म्हणून वही. प्रत्येकाने लिहायचं : किती बुश काढले, किती बसवले, अंदाजे किती जोर लागला, आटे कसे आहेत, नट कसे आहेत, काय खराब झालं. रॉड आणि नट झिजणारच, त्यासाठीच आहेत ते. कोणी मोडला तर ओरडणार नाही, फक्त लिहा. पुढच्याने डबा उघडल्यावर पहिली वही वाचायची.

वाहतुकीचा खर्च मागवणाऱ्याचा. यादी या धाग्यातच ठेवतो. पहिला सबफ्रेम_खाली, मग हायवे_रात्री, मग गॅरेजवाली, मग पाना_१७.

सबफ्रेम_खाली :
डबा मिळाला आणि काम झालं! ६६ चे दोन बुश मागचे आणि एक पुढचा. वहीत लिहिलंय पण इथेही लिहितो कारण पुढच्यांना उपयोग होईल.

एक म्हणजे जुना बुश काढण्याआधी त्याचा फोटो काढा आणि सबफ्रेमवर पांढऱ्या मार्करने खूण करा. बुशच्या रबरात ज्या पोकळ्या असतात त्या उगाच नसतात, ज्या दिशेला पोकळी तिकडे रबर मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक, कंपनीने ते ठरवून दिलेलं असतं. मी पहिला नवीन बुश फिरवून बसवला आणि अर्धा आत गेल्यावर लक्षात आलं, परत काढावा लागला. दुसरं, कप सबफ्रेमच्या भोकाच्या कडेवर सगळीकडून टेकलाय का ते बोट फिरवून बघा, माझ्याकडे एका बाजूला वेल्डिंगचा गोळा होता आणि त्यामुळे बुश तिरपा निघत होता, कानशीने घासला मग सरळ आला. तिसरं, चकती बुशच्या बाहेरच्या नळीवर बसली पाहिजे, रबरावर दाब दिला तर नवीन बुश आत जायच्या आधीच फाटतो.

नवीन बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला होता, त्याने किती फरक पडला देव जाणे.

रबर_आणि_लोखंड :
फरक पडतो पण थोडाच. ६६ मिमीची पोलादी नळी ४० अंशांनी थंड झाली तर व्यास साधारण ०.०३ मिमी कमी होतो. त्यापेक्षा भोक अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये असेल तर ते ६० अंशांनी गरम केल्यावर ०.०९ मिमी मोठं होतं, तिथे हीट गन जास्त कामाची. पण गॅसची ज्योत नको! मागच्या सबफ्रेमच्या आसपासच पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या आणि ब्रेकच्या लाइन असतात, आणि जळत्या रबराचा धूर फुप्फुसाला फार वाईट. आवाज बंद करायला गेलो आणि गाडीच पेटवली असं व्हायला नको.

आणि बसवताना इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला लावू नका, नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि लवकर मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे. ग्रीस फक्त रॉडच्या आट्यांना, तिथे मात्र भरपूर.

हायवे_रात्री :
माझंही झालं. डबा पुढे पाठवला. धन्यवाद तेलकट दादा.

गॅरेजवाली :
मला आज खूप वाईट अनुभव आला, शांत झाल्यावर लिहितेय. गाडी स्टँडवर, डिफ जॅकवर टेकवलेला, पहिला मागचा बुश काढायला घेतला. वही वाचली होती, शेवटची नोंद 'सर्व ठीक' एवढीच. रॉडला ग्रीस लावलं, बेअरिंग लावलं, पाना फिरवायला लागले. अजिबात जोर लागत नव्हता, हाताला सहज वाटत होतं, बुशही हलत नव्हता, आणि एकदम रॉड मधूनच तुटला. कप खाली आला तो माझ्या मनगटाच्या वीतभर बाजूला पडला. मी रॉडच्या सरळ रेषेत डोकं ठेवलं नव्हतं म्हणून वाचले, चष्मा होता, हातमोजे होते.

१०.९ चा रॉड एवढ्याशा जोराने तुटतो का? लेथवाला दादा, तुम्हीच सांगा.

लेथवाला :
आधी तुम्ही सुखरूप आहात हे फार मोठं. आता एक करा, तुटलेल्या तुकड्यावर पट्टी ठेवून १० आट्यांची लांबी मोजा आणि टोकाचा रंग सांगा.

गॅरेजवाली :
१० आटे बरोबर २० मिमी. टोकाला काहीच रंग नाही, शिक्काही नाही.

लेथवाला :
मग तो तेलकट भाऊंचा रॉड नाहीच. त्यांचा १.५ पिचचा, १० आटे १५ मिमी भरायला हवे होते. हा २ पिचचा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रॉड, बहुतेक ४.८ ग्रेड. डीआयएन (जर्मन मानक) पद्धतीत ८.८ च्या रॉडचं टोक पिवळं आणि १०.९ चं पांढरं असतं, साध्याला रंग नसतो.

आकडे सांगतो म्हणजे फरक कळेल. साधा एम१४ रॉड साधारण ३५ हजार न्यूटनपर्यंत, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास, सुरक्षित ताण घेतो. १.५ पिचचा १०.९ रॉड १ लाखाच्या वर, म्हणजे दहा टन. गंजलेला बुश पाच-सहा टन सहज मागतो. आणि तुम्हाला जोर लागला नाही असं वाटलं ना, ते बेअरिंगमुळे. नट फिरवताना तुमच्या जोराचा जवळपास अर्धा भाग नटाखालच्या घर्षणात जातो, थ्रस्ट बेअरिंगने तो वाचतो. म्हणजे ३५-४० न्यूटन मीटरलाच साध्या रॉडची मर्यादा संपते, ती चाकाच्या नटाच्या जोराच्या निम्मीसुद्धा नाही. हाताने ते कळणारच नाही. तुमची काही चूक नाही.

पाना_१७ :
म्हणजे मधे कोणीतरी रॉड बदलला आणि सांगितलं नाही. यादीत दोनच माणसं होती.

तेलकट_हात :
थांबा, कोणावर बोट नको. ज्याला माहीत आहे तो लिहील.

हायवे_रात्री :
मी बदलला. काल रात्रीच लिहायला हवं होतं, गॅरेजवाली ताईंची पोस्ट वाचल्यापासून झोप नाही.

माझा पुढचा बुश फार घट्ट होता, मी इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावली. नट मध्येच पकडला, मागे-पुढे काहीच होईना, शेवटी कापावा लागला आणि रॉडचे आटे गेले. मला दुसऱ्याची वस्तू खराब करून पाठवायची नव्हती, म्हणून दुकानात जाऊन एम१४ चा नवीन रॉड आणि त्याला बसणारे लांब नट घेतले. नवीन चकचकीत होता, मला वाटलं उलट चांगलाच झालाय. ग्रेडचं काही माहीत नव्हतं. वहीत लिहायला लाज वाटली, पहिल्यांदाच कोणाचं टूल मागून घेतलं होतं आणि तेच मोडलं. ताई, मला मनापासून माफ करा. तुम्हाला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

गॅरेजवाली :
राग आला होता हे खोटं नाही सांगणार. पण तुम्ही लिहिलंत, आणि तुम्ही बदलून दिलात तो चांगल्याच हेतूने. माझी गाडी अजून स्टँडवर आहे, आता पुढे काय ते बोलू.

तेलकट_हात :
हायवे, लिहिलंस ते बरं केलंस. माझीही चूक आहे, १०.९ म्हणजे काय आणि इम्पॅक्ट का नको हे मी पहिल्या पोस्टमध्ये एका शब्दानेही सांगितलं नव्हतं, मला माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत असेल असं धरून चाललो. इम्पॅक्टच्या ठोक्यांनी आट्यांवरचं ग्रीस निघून जातं, आटे तापून एकमेकांना चिकटतात, आणि बेअरिंगच्या चकतीवर छर्ऱ्यांचे खड्डे पडतात. ताई, बेअरिंग हातात धरून फिरवून बघा, खडखड लागली तर तेही बदलायचं.

लेथवाला :
रॉड मी करून देतो, १०.९ चाच, १.५ पिच, दोन नग, एक डब्यात जास्तीचा. नट कडक पोलादाचे आणि लांब. वायसरही कडक देतो, मऊ वायसरमध्ये बेअरिंग रुतून बसतं. दोन्ही रॉडच्या टोकांवर '१०.९ - १.५' कोरतो म्हणजे बदलला तर लगेच दिसेल.

एम१६ करा असं कोणी म्हणण्याआधी सांगतो, बऱ्याच बुशच्या मधल्या नळीतून एम१४ कसाबसा जातो, एम१६ जाणारच नाही. खूपच अडला तर आधी रबर ड्रिलने पोखरून मधली नळी काढायची, मग बाहेरच्या नळीला आतून हॅक्सॉने एक काप घ्यायचा, सबफ्रेमच्या भोकाला ओरखडा येणार नाही इतकाच, नळी आत दुमडते आणि हाताने निघते. वेळखाऊ आहे पण कोणाला इजा होत नाही.

आणि मर्यादा : बेअरिंग लावलेलं असताना टॉर्क रेंचवर (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) ८० न्यूटन मीटर. तिथे बुश हलला नाही तर थांबायचं, गंज काढायचं तेल मारून रात्रभर सोडायचं, कप नीट बसलाय का बघायचं. रेंच नसेल तर डबा मागवू नका, आधी रेंचची सोय करा.

नवशिका_चालक :
मी आवाज तपासला, मागच्या डाव्या बुशचं रबर नळीपासून पूर्ण सुटलंय. मला यादीत घ्या. पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का? कायमचे टिकतात म्हणतात.

मागचा_एक्सल :
रोजच्या गाडीला मी घेणार नाही. ते कडक असतात, डिफच्या दात्यांचा बारीक आवाज जो रबर अडवतं तो थेट सीटखाली येतो, लांबच्या प्रवासात डोकं उठतं. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला ठीक. आणि काही पॉली किटमध्ये जुनी बाहेरची नळी आतच ठेवायची असते, काहींत काढायची असते, किटसोबतचा कागद वाचल्याशिवाय पुलर लावूच नका. त्यांना ग्रीस सिलिकॉनचं.

हायवे_रात्री :
लेथवाला दादांच्या दोन्ही रॉडचा आणि नवीन बेअरिंगचा खर्च मी देणार, नाही म्हणू नका. आणि ताई, तुम्हाला चालत असेल तर त्या दिवशी मी मदतीला येतो, एकाने डिफ धरला तर काम सोपं होतं.

गॅरेजवाली :
या. सकाळी लवकर या, उन्हाच्या आधी.

गॅरेजवाली :
तिन्ही बुश झाले! नवीन रॉडने पहिला ५५ न्यूटन मीटरला सुटला, दुसरा ६० ला, पुढचा ८० ला पोचला म्हणून थांबलो, तेल मारून रात्रभर ठेवला आणि सकाळी ६५ ला निघाला. सुटताना जो 'टक्' आवाज होतो त्याने दोघंही दचकलो. शाफ्टच्या फ्लँजवर आधी खूण केली होती म्हणून ती जशी होती तशीच बसली. बोल्ट आधी सगळे नुसते हाताने लावले, डिफ मोकळा जागेवर बसू दिला आणि मग रेंचने कसले, पिळलेल्या स्थितीत कसले तर नवीन रबर पहिल्या दिवसापासून ताणात राहतं. एक फेरी मारली, पाय दिला-सोडला, मागून काहीही नाही, फक्त टायरचा आवाज.

वहीत दोन पानं लिहिलीत. हायवेने त्याची जुनी नोंद खोडली नाही, 'सर्व ठीक' च्या खालीच खरं काय झालं ते तारखेसह लिहिलं. तुटलेल्या रॉडचा एक तुकडा डब्यात ठेवलाय, दोन्ही पिच शेजारी ठेवून बघता येतील म्हणून.

तेलकट_हात :
तो तुकडा डब्यातच राहू दे, यादीत धरतो. आता डब्यात : रॉड २, लांब नट ४, बेअरिंग १, कप ३, चकत्या ३, कडक वायसर ४, तुटका तुकडा १, वही १. पुढे पाना_१७, मग नवशिका_चालक. पाना, तुमच्या बुशचा व्यास अजून टाकला नाहीत.

पाना_१७ :
आत्ताच मोजला, ७१.९. म्हणजे ७२ चा, ७४ चा कप आणि ७१ ची चकती. डबा आला की आधी १० आटे मोजून इथे टाकतो.